माल तुमचा, तर कोडही तुमचाच हवा

वाचकाचं पत्र:

"लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, सासूबाईंच्या काळापासूनचं. मालवणी आणि गोडा मसाला, मिरचीपूड, हळद, सगळं आमच्याच कांडपावर होतं. दुबईत किराणा दुकान असलेल्या एका मराठी गृहस्थांनी पाचशे किलोची मागणी दिली आहे. ओळखीच्या एजंटने सगळे परवाने काढून द्यायचे चाळीस हजार सांगितले. तेवढे द्यायचे नसतील तर 'माझ्याच कोडवर पाठवू, बिल थोडं कमी दाखवू, कटकट नको' असंही म्हणाला. नणंदेचा मुलगा म्हणतो, दुबईला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बॅगेतून थोडं थोडं पाठवत राहू. आणि आमचे हे म्हणतात, सरकारच्या नादी लागूच नये, कांदेवाल्यांचं काय झालं ते पाहिलं ना! इतकी खाती आहेत की अडवणारं कोण आणि मदत करणारं कोण, तेच कळत नाही. काय करावं? — स. म., लालबाग. ता. क. दुबईच्या खाद्यप्रदर्शनात स्टॉल घ्यावा का?"

ताई,

एजंटच्या दुसऱ्या पर्यायाला आधी लांबूनच नमस्कार करा. बाकीचं सावकाश बोलू.

कोड म्हणजे निर्यात करायला सरकारकडून मिळणारा क्रमांक. 'माझ्या कोडवर पाठवू' हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. कागदावर निर्यातदार तो होतो. दुबईचे पैसे त्याच्या खात्यात येतात, तुमच्याकडे कधी आणि किती येतील ते त्याच्या मर्जीवर. वर बिल कमी दाखवलं, तर उरलेली रक्कम दुबईहून कोणत्या वाटेने येणार? ती हवाल्यानेच येणार. म्हणजे कस्टम्सपुढे खोटी किंमत सांगितल्याचा गुन्हा आणि परकीय चलनाच्या कायद्याचा, फेमाचा, भंग, दोन्ही एकदम. आणि मालात काही निघालं, तर पाकिटावर नाव कुणाचं? तुमच्या दुकानाचं. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं.

हेच काम सरळ मार्गानेही करता येतं, ते मात्र एजंटने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. दुसऱ्याचा माल विकत घेऊन बाहेर पाठवणाऱ्याला मर्चंट एक्स्पोर्टर म्हणतात. तुम्ही त्याला रीतसर विकायचं, जीएसटी फक्त ०.१ टक्का लावायचा आणि तुमच्या बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत त्याने माल देशाबाहेर काढायचा. यात तुमचे पैसे इथेच, रुपयांत मिळतात. ज्यांना परवान्यांच्या फंदात पडायचंच नाही त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. तुम्हाला मात्र मी तो सुचवणार नाही, कारण गिऱ्हाईक तुम्ही स्वतः मिळवलंय. ते दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

भाच्याचं म्हणणं एका ओळीत संपतं. घरी खायला नेलेला मसाला वेगळा आणि दुकानात विकायला नेलेला वेगळा. बॅगेतून गेलेल्या मालाला ना बिल, ना बँकेत पैसे आल्याची नोंद, आणि तिकडच्या विमानतळावर जप्त झाला तर बोलायला तोंड नाही.

आता चाळीस हजारांकडे येऊ. निर्यातीचा पहिला कागद म्हणजे आयईसी, आयात-निर्यात कोड. सरकारी फी ५०० रुपये. तो देतं परकीय व्यापार महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीएफटी म्हणतात. त्याचं मुंबईचं कार्यालय न्यू मरीन लाइन्सला विठ्ठलदास ठाकरसी मार्गावर, निष्ठा भवनात आहे. पण या कामासाठी तिथे पायरी चढायची गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं. जीएसटी आल्यापासून तुमचा पॅन क्रमांक हाच आयईसी क्रमांक असतो. पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, पत्त्याचा पुरावा, एवढ्यावर काम होतं. एकच पथ्य पाळा. अर्जात मोबाइल आणि ईमेल स्वतःचा घाला. एजंट सवयीने स्वतःचा नंबर टाकतात. मग ओटीपी त्याच्याकडे, लॉगिन त्याच्याकडे आणि दर वेळी तुम्ही त्याच्या दारात. शिवाय दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती एकदा तपासून 'बरोबर आहे' असं नोंदवावं लागतं. त्या मुदतीत ते फुकट आहे, पण राहून गेलं तर कोड निष्क्रिय होतो. माल गोदामात आणि कोड बंद, अशी पाळी येऊ देऊ नका.

तुमच्या मूळ प्रश्नाची गोम अशी की, आपण 'सरकार' म्हणून एकच माणूस डोळ्यांसमोर आणतो. इथे वेगवेगळी खाती आहेत आणि प्रत्येकाचा धनी, कायदा आणि काळजी वेगळी आहे. काय बाहेर जाऊ द्यायचं आणि काय नाही हे डीजीएफटी ठरवतं, १९९२च्या परकीय व्यापार कायद्याखाली. ठरवलेलं पाळलं जातंय का ते दरवाजात उभं राहून कस्टम्स बघतं, १९६२च्या कायद्याने. एक वाणिज्य मंत्रालयाखाली, दुसरं अर्थ मंत्रालयाखाली. पैसे परत येतात की नाही यावर रिझर्व्ह बँकेचा डोळा असतो, तुमच्या बँकेमार्फत. आणि मसाल्याच्या गुणवत्तेची जबाबदारी आणखी एकाकडे, ते पुढे सांगते.

यजमानांचा कांद्याचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४मध्ये उघडली ती टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि तेही निघालं १ एप्रिल २०२५ला. या काळात लासलगावच्या शेतकऱ्याने आणि वाशीच्या व्यापाऱ्याने काय सोसलं ते आपण पाहिलंय. एकीकडे निर्यात वाढवा म्हणून भाषणं आणि दुसरीकडे रातोरात अधिसूचना! माझ्या मते हे धोरण कांदेवाल्यांवर अन्यायाचंच होतं. परदेशी गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की शुल्क काढून परत येत नाही. पण यातून मसाल्याचा अंदाज बांधू नका. बंदीचा हातोडा पडतो तो कांदा, तांदूळ, गहू, साखर यांच्यावर, कारण त्यांचे भाव चढले की मतपेटी रडते. मालवणी मसाल्याच्या भावावरून कुणाची खुर्ची हललेली ऐकिवात नाही. एवढं मात्र करा, प्रत्येक मोठा सौदा पक्का करण्याआधी डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ताज्या अधिसूचना बघायची सवय लावा.

आता मसाला बोर्ड. मुख्यालय कोचीला, कायदा १९८६चा, काम १९८७पासून सुरू. कायद्याच्या यादीत ५२ मसाले आहेत आणि ज्यात मसाल्याचा भाग जास्त आहे अशी मिश्रणंही त्यातच धरलेली आहेत. म्हणजे तुमचा मालवणी मसाला सरळ यांच्या अंगणात येतो. निर्यातदार म्हणून इथे नोंदणी केल्याशिवाय तो बाहेर पाठवता येत नाही. (उद्या पापड-लोणची पाठवायची म्हणालात तर दार बदलेल. ते अपेडाचं, म्हणजे शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, त्यांचं कार्यालय वाशीला.) अन्नसुरक्षेचा, एफएसएसएआयचा, दुकानापुरता काढलेला छोटा नोंदणी-कागदही निर्यातीला पुरत नाही, केंद्रीय परवाना घ्यावा लागतो.

'हे लोक अडवायलाच बसलेत' असं एजंट लोक म्हणतात ते मुख्यतः याच टप्प्याबद्दल. तर जरा मागचं सांगते. २००३मध्ये फ्रान्समध्ये भारतीय मिरचीपुडीत सुदान नावाचा रंग सापडला. लाकडाच्या पॉलिशला, मेणाला वापरायचा तो रंग, खाण्यात बंदी असलेला. कुणीतरी चार पैशांसाठी पूड लालभडक केली आणि बदनाम झाली ती इथली सगळी मिरची. त्यानंतर मसाला बोर्डाने मिरचीच्या मालाची या रंगासाठी तपासणी सक्तीची केली. २०२०मध्ये युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. जंतू मारायला वापरतात तो वायू, युरोपात अन्नासाठी त्याला मनाई. एप्रिल २०२४मध्ये त्याच कारणावरून हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्याकडच्या काही नामांकित मसाल्यांची विक्री थांबवली, तेव्हा त्या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाला बोर्डाने माल निघण्याआधी तपासणी सक्तीची केली. घोडं इथे पेंड खातं. चूक एकाची असली तरी दार सगळ्यांना बंद होतं. एकट्या व्यापाऱ्याला कितीही वाटलं तरी शेजाऱ्याची पूड तपासायचा अधिकार त्याला नाही, तो सरकारलाच लागतो.

आंब्याचंही तसंच झालं. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४पासून आपला आंबा बंद केला. हापूसचा ऐन हंगाम! मग पेट्या मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच जातील, वनस्पती-आरोग्याचा दाखला काटेकोर तपासून दिला जाईल, अशी व्यवस्था बसवली आणि जानेवारी २०१५मध्ये बंदी उठली. वाशीला पणन मंडळाची उष्णजल आणि विकिरण प्रक्रियेची सोय आहे, ती या असल्याच अटींसाठी. छोटा बागायतदार ती यंत्रं स्वतःच्या खिशातून कशी उभारणार होता? नियम घालणारं आणि नियम पाळायला सोय देणारं, दोन्ही सरकारच. कधी ते एकमेकांना विचारून करतात, कधी नाही, ती गोष्ट वेगळी.

तुमच्या कांडपाकडे वळते, कारण परवान्यांपेक्षा मला काळजी तिथली वाटते. मे महिन्यात उन्हात कडकडीत वाळलेली ब्याडगी आणि जुलैत गोणीत दमट झालेली ब्याडगी, रंगाने सारखीच दिसेल. पण ओलसर मिरचीवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. युरोपात मिरचीसाठी त्यातल्या बी-१ या प्रकाराची मर्यादा किलोला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्यांना, नाकाला हे कळतच नाही. दुबईच्या मर्यादा तुमच्या गिऱ्हाइकाकडून लेखी मागवा आणि त्यानुसार अफ्लाटॉक्सिन, सुदान रंग, कीटकनाशकांचे अंश आणि साल्मोनेला हे जंतू, एवढ्या चाचण्या करून घ्या. मसाला बोर्डाची प्रयोगशाळा नवी मुंबईत आहे. मोठा घाणा कांडायच्या आधी कच्च्या मिरचीचा नमुना द्या. माल तयार झाल्यावर दिलात आणि नापास झाला तर पाचशे किलो मसाल्याचं काय करणार?

आणखी एक. लालबागला बायका स्वतःची मिरची घेऊन कांडायला येतात, तीच यंत्रं, तीच चाळण. निर्यातीचा घाणा वेगळ्या दिवशी, यंत्र साफ करून घ्या आणि वहीत लिहा की कोणत्या तारखेला, कुणाकडच्या कोणत्या गोणीची मिरची गेली. तोच बॅच नंबर पाकिटावर छापा. गोड्या मसाल्यात तीळ असतात, काही लोकांना तिळाची ॲलर्जी असते, ते लेबलवर स्पष्ट हवं. लेबल अरबीतही लागतं. तो मजकूर तपासून घ्यायचं आणि तिकडे मालाची नोंदणी करायचं काम तुमच्या दुबईच्या गृहस्थांचं. त्यांना आजच विचारा, पूर्वी त्यांनी भारतातून खाद्यपदार्थ मागवलेत का. उत्तरावरून पुढचं बरंच कळेल.

कस्टम्सची भीती लोक उगाच बाळगतात. कस्टम्स ब्रोकर, जुन्या नावाने कस्टम्स हाउस एजंट, आपल्या भाषेत सीएचए, हा सरकारकडून परवाना मिळालेला माणूस असतो. तुम्हाला तो लागेलच आणि त्याची फी वाजवी असते. तुमचा 'ओळखीचा एजंट' हा परवानाधारक आहे का, ते विचारा. पाचशे किलो म्हणजे अख्खा कंटेनर नाही, इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये न्हावाशेव्याहून जाईल, किंवा घाई असेल तर सहारच्या एअर कार्गोमधून. सीएचए ऑनलाइन शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद, भरतो. भरण्याआधी तुम्हाला एक चेकलिस्ट पाठवतो. बहुतेक लोक व्हॉट्सॲपवर 'ओके' टाकून मोकळे होतात. तुम्ही ते करू नका. बसून ओळ न् ओळ वाचा.

काय बघायचं? कोड आणि जीएसटी क्रमांक तुमचा आहे ना. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या शाखेचा क्रमांक, नोंदलेला आहे ना. किंमत बिलाइतकीच आहे ना. मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा. इथे जरा थांबा. निव्वळ मिरचीपूड ०९०४ मध्ये येते, हळद ०९१० मध्ये. पण खोबरं-तीळ घातलेला गोडा मसाला त्याच रांगेत बसेल की २१०३ मध्ये जाईल, हे सीएचएशी बोलून ठरवा. सगळा माल एकाच कोडखाली ढकलू नका. कारण त्या आकड्यावर तुमचा परतावा आणि तिकडची ड्युटी, दोन्ही अवलंबून आहेत. मग रोडटेप. माल बनवताना वीज, इंधन वगैरेंवर जे कर तुमच्या नकळत भरले गेले, त्याचा काही भाग सरकार १ जानेवारी २०२१पासून या योजनेतून परत देतं. पण शिपिंग बिलात 'हो, मला हवंय' अशी नोंद लागते. तिथे 'नाही' गेलं की हक्काचा परतावा हुकतो, आणि मागून धावपळ करून फारसं हाती लागत नाही. जीएसटीचंही तसंच. एलयूटी हे हमीपत्र भरलं असेल तर कर न भरता निर्यात करता येते, नाहीतर आधी भरा आणि मग परताव्याची वाट बघा. छोट्या दुकानाला एलयूटीच बरं, भांडवल अडकत नाही.

माल गोदामात पोचला की बऱ्याचदा संगणकच ठरवतो उघडून बघायचं की नाही. बघायचं ठरलं तर अधिकारी एखाद-दुसरा बॉक्स उघडून पाकिटं मोजतो, लेबल वाचतो, वाटलं तर नमुना काढतो. कागद आणि माल जुळला की 'लेट एक्स्पोर्ट' आदेश, म्हणजे माल बाहेर न्यायची परवानगी. ज्याचं बिल खरं आहे त्याला इथे घाम फुटायचं कारण नाही.

पैशांचं शेवटी सांगतेय, पण तुम्ही पहिल्यांदा विचारायला हवं होतं. पाचशे किलो उधारीवर पाठवू नका, माणूस मराठी असला तरी. पहिल्या खेपेला निदान निम्मे पैसे आगाऊ घ्या. पुढे उधारी द्यायची वेळ आली तर ईसीजीसीचा विमा घ्या. १९५७ साली सुरू झालेली ही सरकारी कंपनी, मुख्यालय मुंबईतच, अंधेरीला. खरेदीदाराने पैसे बुडवले, दिवाळं काढलं किंवा त्या देशात युद्ध-बंदी असं काही झालं, तर नुकसानीचा मोठा भाग ती भरून देते. आणि विमा द्यायच्या आधी ती खरेदीदाराची पत तपासते. छोट्या निर्यातदाराला हे एवढं एक काम जरी तिने करून दिलं तरी हप्ता वसूल. पैसे ठरावीक मुदतीत बँकेत यावे लागतात. ही मुदत रिझर्व्ह बँक वेळोवेळी बदलते, तेव्हा शाखेत सध्याची विचारून घ्या.

दुबईच्या बाबतीत तुमचं नशीब बरं आहे. संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२पासून लागू आहे. माल भारतात तयार झाल्याचा मूळदेश दाखला जोडला, तर करारात बसणाऱ्या मालाला तिकडे ड्युटीची सवलत मिळते. हा दाखला ऑनलाइन निघतो. फायदा खरेदीदाराचा होतो, म्हणून भाव ठरवतानाच 'दाखला देते' असं सांगून टाका, फुकट देऊ नका.

पाचशे किलोच्या आधी नमुन्याची पाकिटं पाठवावी लागतीलच. त्यासाठी टपाल खात्याची डाक निर्यात केंद्रं आहेत, तिथे छोट्या पार्सलची निर्यातीची कागदपत्रं होतात. तेवढ्यासाठी सीएचए नको.

आणि ता. क.चं उत्तर. स्टॉल यंदा नको. दुबईच्या प्रदर्शनात भारताचं दालन असतं, मसाला बोर्ड आणि अपेडा छोट्या निर्यातदारांना तिथे नेतात, खर्चात मदतीच्याही योजना असतात. पण तिथे येणारा मोठा खरेदीदार दुसऱ्याच वाक्याला विचारतो, महिन्याला किती टन देऊ शकाल आणि चाचणीचे अहवाल आहेत का. आज दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे नाहीत. पाचशे किलोच्या दोन-तीन खेपा विनातक्रार जाऊ द्या, बँकेत पैसे आल्याचे कागद फाइलला लावा, मग बोर्डाकडे अर्ज करा. तोवर त्या चाळीस हजारांतून कांडपाला निर्यातीपुरती एक वेगळी चाळण आणि आर्द्रता मोजायचं यंत्र घ्या.